फायरवॉल, लीलाअक्का आणि माझा अहवाल

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. मला कापडातलं काही कळत नसे, म्हणून मी नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि २००४ साली देशपांडे नगरातल्या एका छोट्या कचेरीत लागलो. परदेशातल्या डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि टाईप करून परत पाठवायचं, असं तिथलं काम. नेटवर्कचा माणूस मी एकटाच. त्यामुळे माझं चुकतंय हे सांगणारं कोणी नव्हतं.

रुग्णांची माहिती असल्यामुळे सगळी ये-जा व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद बोगद्यातून व्हायची. दारात फायरवॉल, म्हणजे कोणतं कनेक्शन आतबाहेर सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी. ती मी बसवली होती, आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतही असे.

एका रुग्णालयाचं काम लीलाअक्का एकट्याच करत. पन्नाशीच्या. धारवाडात एका वकिलांकडे वीस वर्षं टायपिंग केलेलं, वकील वारल्यावर रोज बसने हुबळीला येत. काम वाढलं तशी त्यांच्या जोडीला मेधा नावाची नवी मुलगी आली. दुसऱ्याच दिवसापासून अक्कांचं कनेक्शन अडायला लागलं. पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसे, पण फाईल जागची हलत नसे.

मी वायर बदलली, यूपीएस बदलला, खुर्ची बदलली. खुर्ची का बदलली ते आजही सांगता येणार नाही. फायरवॉलच्या नोंदींत एरवी प्रत्येक कनेक्शनपुढे पोर्टचा नंबर असतो, त्यावरून कोणाचं काय ते समजतं. व्हीपीएनच्या या पॅकेटांपुढे, म्हणजे माहितीच्या तुकड्यांपुढे, नंबरच नव्हता, आणि आतलं कुलपामुळे दिसत नव्हतं. मी त्या नोंदींकडे गंभीर चेहऱ्याने तासन्तास बघत बसे. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले की अक्कांच्या मशीनवर तपासून पाही. तेव्हा ते बिनतक्रार चाले.

तिसऱ्या आठवड्यात मालक वेंकटेशरावांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, यंत्रणेत दोष नाही, ऑपरेटरला संगणकाचा सराव कमी आहे. वाक्य मला फार आवडलं.

मालकांनी अक्कांना बोलावून तो वाचून दाखवला. बाहेर आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. त्यांनी वहीचं एक पान उघडून पुढे ठेवलं. प्रत्येक अडण्याची वेळ, आणि शेजारी मेधाने कनेक्शन जोडल्याची वेळ. एकतीस नोंदी. एकीतही मिनिटाचा फरक नाही.

“ती आत आली की मी बाहेर पडते,” त्या म्हणाल्या. “असं होऊ शकतं का रे, सुमंत?”

शक्यच नाही, असं मी ठासून सांगितलं. मग मॅन्युअल उघडलं, बसवल्यापासून पहिल्यांदाच. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दोघी रुग्णालयाच्या एकाच सर्व्हरकडे जातात. पोर्ट नसल्यामुळे परत येणारं पॅकेट कोणाचं हे फायरवॉलला ओळखता येत नाही. जो शेवटी जोडला, त्याच्याकडे ती सगळं पाठवते. मेधाचं अडलं की ती कोणाला न विचारता पुन्हा जोडून घेई. अक्कांना मात्र मीच बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यामुळे दर वेळी त्यांचंच काम थांबत होतं.

दोन्ही टोकांना एक सोय सुरू केली की प्रत्येक पॅकेटवर पोर्टनंबराचं वेष्टण चढतं. रुग्णालयाकडून ते करून घ्यायला चार दिवस लागले. तोवर दोघी आळीपाळीने बसल्या.

मी वेंकटेशरावांना दुसरा अहवाल दिला. त्यात चूक कोणाची ते नावानिशी लिहिलं. ते लिहायला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. मग अक्कांकडे माफी मागायला गेलो. त्यांनी राजीनामा टाईप करून ठेवला होता. मला वाचायला दिला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“आयतु, झालं ते झालं, फाडते,” त्या म्हणाल्या. “पण आधी बस, आणि ही फायरवॉल करते काय ते मला नीट सांग.”

मी तासभर सांगत होतो. त्या मधूनमधून साधे प्रश्न विचारत होत्या, आणि निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. ती त्यांनी पुढच्या महिन्याभरात माझ्याकडून शोधून घेतली. त्या आणखी पाच वर्षं तिथे होत्या. कनेक्शन अडलं की सगळे आधी अक्कांना विचारत. मीसुद्धा.