शाल, नारळ आणि आमची जागा

बाबा ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे. गणपतीत मंडळामंडळांतून हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करणारा, आमच्या गिरगावातलाच ऑर्केस्ट्रा. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम. आता हात थरथरतो म्हणून वाजवणं सुटलंय, पण जीव तिथेच अडकलाय. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून नोकरी आणि बाबा, संपलं. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा बाबांच्या नावावर दोन खोल्यांची जागा आली. मुंबईत डोक्यावर छप्पर आहे, म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको, एवढ्या भरवशावर मी निवांत होते.

गेल्या वर्षी ऑर्केस्ट्राचा वर्धापनदिन परळच्या एका हॉलमध्ये होता. बाबांचा सत्कार म्हणून मी मुद्दाम हिंदमाताला जाऊन साडी घेतली. बाबांना शाल-श्रीफळ दिलं, मी खाली बसून फोटो काढत होते. तेवढ्यात निवेदकाने माइकवरून मलाच हाक मारली. "या ताई, वर या!" मला वाटलं, बाबांना धरून खाली न्यायला बोलावताहेत.

वर गेले तर माझ्याही खांद्यावर शाल! हातात नारळ! आणि निवेदक माइकवर सांगतोय, "काकांनी मृत्युपत्र केलंय, आपल्या पश्चात राहती जागा ऑर्केस्ट्राच्या तालमीसाठी! आणि या त्यांच्या कन्या. सख्ख्या मुलीने एका शब्दाने हरकत घेतली नाही. केवढं हे मन!"

हरकत? अहो, आधी मला ठाऊक तर हवं! समोर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतोय आणि मी काय करावं? नारळ काखेत मारून चक्क नमस्कार केला! भर स्टेजवर बापाचा पाणउतारा करायला जीभ कुणाची रेटते? आमची मेली भीड. शिवाय वाजवणाऱ्यांनी माझ्यासाठी खास एक धून वाजवली.

टॅक्सीत मी मांडीवर नारळ घेऊन बसले. बाबा मात्र खुशीत, गुडघ्यावर ठेका धरून. घराचं दार लावलं आणि मी फुटले.

"साऱ्या गावाला सांगितलंत, मला विचारावंसं नाही वाटलं? आयजीच्या जिवावर बायजी उदार! तुमच्यामागे मी कुठे जाऊ? फुटपाथवर?"

बाबा दचकले. खरंच दचकले हो, नाटक नव्हतं ते. "अगं, तू कशाला जातेयस? तू इथेच. ते रविवारी येतील, तालीम करतील. तू नसलीस तर त्यांना चहा कोण टाकणार?"

"हे मृत्युपत्रात लिहिलंय?"

"त्यात काय लिहायचं? घरातलीच तू."

मला धक्का बसला तो इथे, स्टेजवर नव्हे. माणूस दुष्ट असता तर भांडले असते. या माणसाने घराबरोबर मलाही देऊन टाकलं होतं, आणि त्याला त्यात काही वावगंच दिसत नव्हतं. मला रडू आलं. डोळे पुसून मी म्हटलं, "उद्या वकिलाकडे जायचं. मी जिवंत आहे तोवर जागा माझी, माझ्यामागे खुशाल ऑर्केस्ट्राची. तसं लिहून द्या."

बाबांनी हनुवटी खाजवली.

"चालेल गं," ते म्हणाले. "पण आधी ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारायला हवं."