उतरताना न प्यायलेलं पाणी

ती घटना मनातून गेली नाही, जावी असंही वाटत नाही. मी तेव्हा बोईसरला महिला हवालदार होते. बोलायला मला कमीच जमायचं, म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बाईजवळ बसायचं काम बहुधा माझ्याकडे असे.

एका सोमवारी सकाळी एक तरुण बाई आली. नवरा कालपासून घरी नव्हता. तो तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. आम्ही तो बेपत्ता असल्याची तक्रार, म्हणजे आमच्या भाषेत मिसिंग, दाखल केली. तिच्याबरोबर नवऱ्याचा कुंभवलीचा मित्र होता. दोघं एकाच पाळीत, आणि सुट्टी मिळाली की डोंगरावर. कळसूबाईपासून महालक्ष्मीच्या सुळक्यापर्यंत एकमेकांच्या भरवशावर चढलेले. पण नवऱ्याला फिट यायला लागल्यावर बाईने मित्राला आपल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की त्याला पुन्हा वर नेणार नाही. त्यामुळे डोंगराचा विचार कुणी केला नाही. रविवारी आमची भेटच झाली नाही, असं मित्र म्हणाला. नवऱ्याचा मोबाईल बंद होता. तो शेवटचा कुठे चालू होता, ते लोकेशन कंपनीकडून यायचं होतं. दिवसभर तो तिला घेऊन वाणगाव स्टेशन, चिंचणीचा किनारा असा फोटो दाखवत फिरला.

तोच फोटो मनोरकडच्या एका पोलीस पाटलाच्या मोबाईलवर गेला. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला. तिकडच्या एका गडाखालच्या पाड्यातल्या म्हातारीने फोटोतल्या माणसाला रविवारी आणखी एकाबरोबर गड चढताना पाहिलं होतं. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी लगेच माणसं वर पाठवली, पण जंगल दाट. नेमकी जागा कळली तरच तो जिवंत मिळण्याची आशा होती.

साहेबांनी मित्राला समोर बसवलं, आधी गोडीने विचारलं, मग आवाज चढवून. तो जमिनीकडे बघत तेच सांगत राहिला. तेवढ्यात जीपमधून ती म्हातारी आली. त्या पाड्याची रीत अशी, की वर गेलेला माणूस उतरताना पहिल्या घरी पाणी पिऊन जातो, म्हणजे तो सुखरूप आल्याचं पाड्याला कळतं. पहिलं घर तिचं. तिने मित्राला न्याहाळलं, आमच्या माठातलं पाणी घेतलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"दोगं चढलात. तू एकलाच उतरलास, तो पन आडवाटेनं. पानी नाय पिलास. आता पी, नि सांग तो कुठं हाय."

त्याने पेला खाली ठेवला आणि सांगू लागला. गडावरच्या पाण्याच्या टाक्याजवळ बाईच्या नवऱ्याला फिट आली, तो कड्याच्या खालच्या टप्प्यावर पडला. हाका मारल्या, ओ आली नाही. मेला असं समजून हा पळाला. "वहिनीला काय सांगणार होतो, साहेब? पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता मी."

दुपारी सांगितल्या जागी प्रेत मिळालं. पंचनाम्यात मी एक गोष्ट पाहिली. त्याने स्वतःच्या हाताने गुडघ्याला रुमाल बांधला होता. म्हणजे पडल्यावर तो शुद्धीवर आला होता. सोमवारचा दिवस त्याने काढला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

बाई रडली नाही. मित्राला एवढंच म्हणाली, "भावजी, रविवारीच आला असतात तर मी शिव्या घातल्या असत्या. दुसरं काय केलं असतं?"

खोटं बोलणारा कायद्याला घाबरतो, असं आम्ही पोलीस धरून चालतो. त्यानंतर मी गप्प बसलेल्या माणसाला आधी विचारू लागले, घरी कुणाला भितोस? पुष्कळदा तिथूनच खरं निघालं. हा माणूस एका बाईच्या रागाला भ्याला होता. ती रागावली असती, आणि तिचा नवरा दवाखान्यातल्या खाटेवर पडून ते ऐकत राहिला असता.