माझा लगाम

ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी घोडी बुजली, मी पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हात गळ्यात अडकवून घरात बसलेय. मटार सोलून झाले, जुने फोटो लावून झाले. आज खिडकीशी बसून डाव्या हाताने माझ्या लगामाला तेल चोळत होते, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून माझी रेशमा गेली. तिच्या पाठीवर माझी भाची नंदा, आणि तोंडात नंदाने आणलेला नवा लगाम.

घोडीचे पाय आखडू नयेत म्हणून तिला फिरवायला मीच सांगितलं होतं. तरी पोटात दुखलंच. रेशमाने एकदा तरी खिडकीकडे बघावं! पण ती शेपूट उडवत, मजेत निघून गेली.

एक गोष्ट मी नंदाला मुद्दाम सांगितली नव्हती. रेशमा त्या पुलाला भिते. कळेल तिची तिला, म्हटलं.

तासाभराने नंदा हसतच घरात आली.

"पुलावर त्रास दिला का गं?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"छे, आत्या! लगाम सैल सोडला आणि तिच्याशी गप्पा मारत बसले. पूल कधी मागे पडला कळलंच नाही."

मी मान खाली घालून पुन्हा तेल चोळू लागले. कातड्यावर, बरोबर माझी मूठ येते तिथे, नखांच्या खुणा खोल रुतल्या होत्या. पुलाला भीत होते ती मी. माझी भीती या कातड्यातून रोज तिच्या तोंडापर्यंत पोचत होती.

घोडीचं जाऊ दे. आता हेवा वाटतो तो नंदाच्या सैल मुठीचा.