अननसाचे गुण आणि मावशींचा अंगठा

अननसाइतकं गुणी फळ दुसरं नाही, हे सोलाई विभागातल्या मावशींना तोंडपाठ होतं. कारखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंच होतं: क जीवनसत्त्वाने प्रतिकारशक्ती वाढते, मँगनीजने हाडं बळकट होतात, चोथ्याने पोट साफ राहतं. त्या भिंतीखाली उभं राहून मावशी एकोणीस वर्षं दिवसाला तीनशे अननस सोलत आल्या होत्या. पाठ तेवढी वाकली होती. बहुधा मँगनीज पाठीपर्यंत पोचत नसावं.

हातमोजे मिळायचे, नाही असं नाही. महिन्याला एक जोडी. दोन दिवसांत ते काट्यांनी फाटायचे आणि उरलेला महिना रस बाहेर अडवण्याऐवजी आत जपून ठेवायचे. रबरी बूट मात्र गुडघ्यापर्यंतचे, एकदम झकास. पाहणीला येणारे पाहुणे खाली मान घालून चालतात, त्यांना ओले पाय दिसलेले बरे वाटत नाहीत.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ हजेरीचं मशीन आलं. सूचना लागली: ‘प्रत्येकाने मशीनवर अंगठा लावावा. सलग पाच दिवस हजेरी न लागल्यास नाव कमी करण्यात येईल.’ मावशींना हे वाचूनच झोंबलं. कुणी अंगठाबहाद्दर म्हणू नये म्हणून चाळिशीत मुलाच्या वहीवर गिरवून गिरवून त्या सही शिकल्या होत्या. आता साहेबांपासून सगळेच अंगठाबहाद्दर. याला प्रगती म्हणतात.

बाकीच्या बायकांचं दहादा दाबल्यावर एकदा तरी जमायचं. मावशींना मशीनने सरळ अंगठा दाखवला. ‘पुन्हा प्रयत्न करा’, एवढंच.

“मावशी, अहो, यावर रेषाच नाहीत,” हजेरीचा कारकून म्हणाला.

“मी समोर उभी आहे, ते दिसतंय ना तुला?”

“मला दिसताय. मशीनला दिसत नाही.”

असे चार दिवस गेले. दिवसाचे तीनशे अननस त्या गैरहजर राहून सोलत होत्या. चौथ्या दिवशी आरोग्य सप्ताह होता. आहारतज्ज्ञ बाई आल्या, स्वच्छ साडीत, आणि अननस सोलणाऱ्या बायकांना अननस खायला हवा हे समजावू लागल्या. “यात एक पाचक द्रव्य असतं. ते प्रोटीन तोडतं. म्हणून तर जास्त खाल्लं की जीभ चुरचुरते.”

मावशींनी हात वर केला. “बाई, आपली कातडी कशाची असते?”

“प्रोटीनचीच की.”

“मग अननसाने माझा अंगठा पचवला म्हणायचं.”

सगळ्या हसल्या. साहेब हसले नाहीत; त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला. “पंधरा दिवस घरी बसा. रेषा परत येतील.”

“आणि हजेरी?”

“ती कशी लागेल? तुम्ही घरी असाल ना!”

म्हणजे हजेरी लागावी म्हणून घरी बसायचं, आणि घरी बसल्यावर पाचव्या दिवशी नाव कमी. एवढं सुपीक डोकं काही अननस खाऊन होत नाही, त्याला मुळात दैवी देणगी लागते.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र मावशींचं हसू मावळलं. त्या घाबरल्या होत्या. उद्या पाचवा दिवस. नाव कमी झालं की ही एक खोली सोडायची, मुलाकडे जायचं आणि उरलेलं आयुष्य सुनेच्या ताटाखालचं मांजर होऊन काढायचं. त्यापेक्षा काटे परवडले. सुस्कारा टाकून त्या न्हाणीत पाय धुवायला बसल्या, आणि पाय चोळता चोळता थांबल्या. एकोणीस वर्षं बुटात राहिलेला पाय. एकेक रेष कोरल्यासारखी.

सकाळी त्यांनी टेबलावरचं मशीन उचलून फरशीवर ठेवलं, उजवा बूट काढला आणि म्हणाल्या, “कर नवी नोंद.”

“मावशी! हाताचा लावायचा असतो!”

“हाताचा असं लिहिलंय? वाच बघू. मलाही वाचता येतं, पण तू वाच.”

कारकुनाने सूचना दोनदा वाचली. अंगठा, एवढंच होतं. कुठला, ते साहेबांना सुचलं नव्हतं. त्याने मुकाट्याने बटण दाबलं. मावशींनी पायाचा अंगठा टेकवला आणि मशीन पहिल्याच फटक्यात म्हणालं, ‘धन्यवाद.’

गलका ऐकून साहेब बाहेर आले. “मावशी, या वयात हे शोभतं का?”

“काय करणार साहेब,” मावशी बूट चढवत म्हणाल्या, “तुमच्या अननसाचा फायदा न झालेला एवढाच अंगठा उरलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मशीनसमोर सोलाई विभागाची रांग लागली होती. अकरा बायका, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक बूट.