तलासरीचा पॉइंट आणि आईचे बोंबील

द्वारकेपर्यंत इलेक्ट्रिक गाडीने जायचं, तेही आईला घेऊन, हे मी २०१८च्या दिवाळीत ठरवलं आणि घरी सगळे हसले. तेव्हा महामार्गावर चार्जिंग स्टेशन शोधूनही सापडत नव्हतं. म्हणून आधी रंगीत तालीम: माझ्या माहेराहून, चिंचणीहून, वलसाडला बहिणीकडे. तिला सातवा महिना होता आणि डोहाळे लागले होते सुक्या बोंबलांचे.

गाडी एका चार्जमध्ये जेमतेम शंभर किलोमीटर जायची आणि अंतरही तेवढंच. मध्ये तलासरीला थांबणं भाग होतं. तिथल्या एका हॉटेलवाल्याशी फोनवर पक्कं केलं: पंधरा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग, तीन तासांचे दोनशे रुपये.

आई मांडीवर बोंबलांचं गाठोडं घेऊन पुढे बसली. डहाणू सोडल्यावर कोसबाडच्या चढाला चार्ज वाचवायला एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. चिकूच्या वाड्यांतून गार वारा येत होता. खड्डे आहेत, पण हाच रस्ता घ्या.

तलासरीत मालक हसत आला आणि गाडीजवळ थबकला.

"बेन, मच्छी हाय काय आत?"

"सुके बोंबील आहेत. गाडीतच राहतील."

"आपलं प्युअर व्हेज हाय. गिऱ्हाईकला वास येते. गाडी लावा ने, पन ते फाटकाच्या बाहेर."

माझं डोकंच फिरलं. ट्रकांचा धूर चालतो, शेजारचं तुंबलेलं गटार चालतं, आणि माझ्या आईने उन्हात उभं राहून वाळवलेली मासळी चालत नाही? मी तोंड उघडणार तोच आई गाठोडं घेऊन उतरलीसुद्धा.

"भांडू नको बाय. पोरीकडं पोचायचंय."

तीन तास आम्ही दोघी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बसलो. चहासुद्धा बाहेरच पाठवला त्याने.

वलसाडला बहिणीने भाकरीबरोबर बोंबील बोटं चाटून खाल्ले. रस्ता फार छान होता, असं आईने तिला सांगितलं. मी आतून नुसती धुमसत होते.

आई तिथेच राहिली. परतताना मी एकटीच तलासरीला थांबले, तर त्याच मालकाने खुर्ची पुसून दिली. चहा टेबलावर तसाच सोडून मी उठले.

इलेक्ट्रिक गाडीने लांब जाता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. घरी परतल्यावर द्वारकेची आखणी करताना मी तलासरीवर काट मारली, पण आसपास दुसरा पॉइंट मिळेना. आईला फोनवर तसं सांगितलं.

"तिथंच लाव की गाडी," ती म्हणाली. "माझ्या लुगड्यालाच वास हाय. तूच जाऊन ये द्वारकेला."