बाईनं पाहिलेली कॉलेजं

माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळे बाईच म्हणायचो, कोणाच्या घरात कधी पुढच्या दारानं गेली नाही. पुढचं दार पाहुण्यांसाठी सारवलेलं असतं, असं तिचं म्हणणं. आमच्या राळेगावाकडे पोरगी द्यायची झाली की लोक घर पाहायला बाईला सोबत नेत. पुरुष ओसरीवर सुपारी कातरत बसत. बाई मागून जाऊन न्हाणी, विहीर अन् घरातल्या सुनेचं तोंड पाहून येई. आली की दोनच शब्द बोले. “द्या पोरगी” नाहीतर “चाला घरी”. चहा चुलीवर असला तरी लोक उठत.

माझ्या नातीला घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. त्याला आर्किटेक्चर म्हणतात. मी चौथी शिकलो, पण पोरगी जवळ असलेली बरी एवढं मला कळतं. मी नागपूर ठरवलं होतं. तिला पुणं पाहिजे होतं. मुलगा अन् सून माझ्यापुढे बोलत नाहीत. म्हणून नात बाईकडे गेली.

बाई म्हणाली, घर पाहिल्याबिगर पोरगी देता येत नाही. मी म्हटलं, “बाई, लगन नाई, कॉलेज हाये.”

“पाच वर्सं राहाची हाये ना तिथं?”

नागपूरच्या कॉलेजला समोरून सगळी काच. साहेबांनी मला खुर्ची दिली. बाई मागच्या अंगानं फिरून आली. मुलींच्या संडासाला कुलूप होतं, किल्ली चौकीदाराजवळ अन् चौकीदार जेवायला गेलेला. “चाला घरी,” ती म्हणाली. मी बसून चहा घेतला. कॉलेज मला पसंत होतं.

पुण्याच्या कॉलेजचा रंग उडालेला होता. मला कोणी खुर्ची दिली नाही. मला बरंच वाटलं, आता बाई नाहीच म्हणेल. बाई मागे गेली ती येईना, म्हणून मी अन् नात पाहायला गेलो. झाडाखाली पोरी पुठ्ठ्याची घरं करत होत्या अन् बाई त्यांच्यात मांडी घालून बसलेली. एक पोरगी मास्तरला सांगत होती की तुमचं चुकलं, या खोलीत उजेड येणार नाही. मास्तर वाकून त्या खोलीत पाहत होता.

बाई उठली. “भाऊ, इथं सून सासऱ्याले बोलते अन् सासरा ऐकून घेते. दे पोरगी.”

लांब आहे, मी म्हटलं. स्टेशनावर पोचेपर्यंत तेच म्हणत होतो.

बाईचं लग्न आमच्या बाबांनी घर न पाहता केलं होतं. पोरगी डोळ्यांसमोर राहील म्हणून शेजारच्याच गावात. दोनेक वर्षांनी ती गाठोडं घेऊन एकटी चालत परत आली, ती कायमची. त्यावर ती कधी बोलली नव्हती. स्टेशनच्या बाकावर बोलली.

“मले बी जवळच देल्लं होतं. जवळ हाये म्हून कोनी पाहाले आलं नाई.”

मी काही हरलो नाही. गाडीला वेळ होता, म्हणून नातीला सांगितलं, फॉर्मवर पुणं पहिलं लिही.

मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत बाई गेली. नात पुण्याहून पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. नागपूर असतं तर पोरीला तोंड तरी पाहायला भेटलं असतं, लोक म्हणाले.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मी पुण्याला जातो. गाडीत कंबर धरते. नात म्हणते, “आबाजी, काहून येता एवढ्या लांब?”

“पाहाले,” मी म्हणतो.