हौशीच्या बापाला सांगायचं कसं?

पंधरा-सोळा वर्षं मास्तरकी केली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. कोटावर खडूची पूड आणि डोक्यात किस्से. पूड झटकली की जाते हो! किस्से मात्र दर वर्षी थोडे फुगतात, हे मी आधीच कबूल करतो.

माझी पहिली नेमणूक काशीदच्या पुढच्या एका कोळीवाड्यात झाली. चौथीच्या वर्गात हौशी नावाची पोर होती, गणितात माझ्याही पुढे. पण तिचा बाप धर्मा नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक, त्याने ठरवून टाकलेलं: चौथी झाली की शाळा बंद. पोर मासळी सुकवायला आईच्या हाताशी!

हेडमास्तर म्हणाले, "पोरीची प्रगती बापाला पटवून द्या. मास्तरचं अर्धं काम वर्गाबाहेर असतं."

उरलेलं अर्धंही त्यांनी माझ्यावरच सोपवलं होतं.

*

सुरुवात चिठ्ठ्यांनी केली. प्रत्येक घरी एक. पांडूच्या घरी लिहिलं, "अभ्यासात शून्य, खोड्यांत पहिला."

दुसऱ्या दिवशी पांडूची आई भलंमोठं पापलेट घेऊन दारात! "गुरुजी, माझ्या लेकाचं एवढं गुणगान आजवर कुणी केलं न्हाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात वाचता येणारा एकटा पांडूच! त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय वाचलंस रे?"

"तुमी लिवायला पायजे होतं ते."

हौशीचं उलटंच. मी पानभर कौतुक लिहिलं होतं. ते स्वतःच्या तोंडाने वाचायची तिला लाज वाटली. तिने बापाला एकच ओळ वाचून दाखवली, "हौशी रोज शाळेत येते."

धर्मा म्हणाला, "ते मना म्हाईत हाय."

*

मग म्हटलं, आईला गाठू. मंजुळाबाई बाजारात टोपली मांडून बसलेली. मी सांगितलं, "गणितात नव्वद, भाषेत बावन्न."

"बावन्न? नीट बोला मास्तर. सत्तर करा!"

"अहो बाई, मार्क असे वाढत नाहीत."

"नव्या मास्तरला भाव करता येत न्हाय गो!" शेजारणीने बाजारभर जाहीर केलं. मंजुळाबाई हटेना. "बरं, तुमचं न्हाय, माझं न्हाय. साठ!"

मी पंचावन्नवर कसा आलो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

उठताना तिने हळूच विचारलं, "येवढ्यावर तिचा बा पाठवंल काय हो?" तेव्हा मात्र ती हसत नव्हती.

*

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा धर्मा आठ दिवस दर्यात. निकालाचा कागद मी दुसऱ्या होडीबरोबर धाडला. तो वाटेत पाण्यात पडला. खलाशांनी तो इमानदारीने बाहेर काढला आणि किनाऱ्यावर आल्यावर बोंबलांबरोबर बांबूवर वाळत घातला!

मला परत देताना एक खलाशी गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, ओलं व्हतं तवा नव्वद व्हते. सुकून साठ झाले."

कागद मी वर्गाच्या कपाटात ठेवला. त्या दिवसापासून गावची तीन मांजरं वर्गात नियमित हजर. हजेरीपटावर घेतली असती तर इन्स्पेक्टर खूश झाले असते!

*

शेवटी हेडमास्तरांनी पालकांची सभाच भरवली. रविवार, दुपारी चार. सारा कोळीवाडा आला, धर्माही आला. हेडमास्तरांनी 'पाल्याचा सर्वांगीण विकास' सुरू केला. आता हौशीचं नाव निघणार, तोच मागून हाक आली, "अध्यक्ष महाराज, पाणी चढलं!"

भरती. होड्या तरंगल्या की थांबता येत नाही. दोन मिनिटांत सभेला आम्ही दोघे आणि एक हार.

*

हौशी चौथी पास झाली. जूनमध्ये शाळा उघडली, पण ती आली नाही.

मी किनाऱ्यावर गेलो. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढलेल्या. धर्मा उघडिपीत होडीच्या बुडाला डांबर फासत होता. मान वर न करता म्हणाला, "बोला मास्तर. आज चिठ्ठी न्हाय?"

"नाही. आज विचारायला आलोय. हौशी घरी काय करते?"

त्याचा हात थांबला. "काय करते? परवा नव्या जाल्याला सूत किती लागंल, ते तीन खलाशी मोजत बसले. तिघांचं तीन आकडे! ही सुकट निवडता निवडता आकडा बोलली, सूत तेवढंच लागलं."

"अहो, तेच तर मी वर्षभर सांगत होतो!"

"तुमी मार्क सांगत व्हते."

मी काखेतली वही सावरली. त्याने तिकडे बघितलं. "ती वही कसली?"

यंदाचं नवं प्रगतिपुस्तक होतं, पाचवी ते सातवी एकाच वहीत. मी पानं उलगडून दाखवली. "दर परीक्षेला इथं बापाची सही, नाहीतर अंगठा."

"दर परीक्षेला? मी तवा दर्यात."

त्याने वही होडीवर ठेवली. डांबराचा अंगठा पाचवीच्या पहिल्या घरात टेकवला. मग दुसऱ्या. पान उलटलं. सहावी. पुन्हा डांबर लावलं. सातवीच्या शेवटच्या घरात जरा जास्तच दाबला, आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाला,

"घ्या. आता मना बोलवू नका. काम हाय."